नग बदलून मिळाला तरी प्रकरण मिटत नाही: नव्या ग्राहक कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसू लागलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. पैशांची फसवणूक झालेले लोक पिशवीभर कागद घेऊन येतात. वस्तूमुळे भाजलेले, शॉक बसलेले, जखमी झालेले लोक मात्र बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी येतात. त्यांनी कंपनीला फोन केलेला असतो, कंपनीने लगेच माणूस पाठवलेला असतो, खराब नग नेऊन नवा दिलेला असतो. घरच्यांना वाटतं, चला, सुटलो. पण त्याच बॅचचे बाकीचे नग दुकानांत तसेच असतात आणि ते धोकादायक आहेत हे दाखवणारा पुरावा कंपनीच्या ताब्यात गेलेला असतो.

तुमच्या सोसायटीत, नात्यात, गावात कोणावर अशी वेळ आली आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायचं असेल, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहितो आहे. कायदा भारताचा आहे, मुख्यतः ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. तुम्ही वकील असायची गरज नाही. कागद सांभाळायची सवय आणि पाठपुरावा करायची चिकाटी हवी.

एकट्याने सुरुवात करू नका, हेही आत्ताच सांगतो. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया १९६६ पासून, अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ पासून आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करत आहेत. जवळच्या संस्थेत जा, जुन्या कार्यकर्त्याशेजारी बसा, आलेल्या माणसाला ते कोणते प्रश्न विचारतात ते ऐका. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी तोच असतो: "वस्तू कुठे आहे?"

१. वस्तू ताब्यात ठेवा

सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच बिघडतात, म्हणून या पायरीवर जरा थांबतो.

आमच्या केंद्रात एक बाई पाणी तापवायचा इमर्शन रॉड घेऊन आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोबत मूळ खोका. वायर जिथे आत शिरते त्या प्लास्टिकच्या टोपीला बारीक चीर गेली होती. उजेडात धरल्यावर चिरेतून आतल्या तांब्यावरचा हिरवट थर दिसत होता, म्हणजे पाणी आत जात होतं. त्यांच्या मुलाला बादलीला हात लावताच झटका बसला होता. दुकानदार तिथल्या तिथे नवा रॉड द्यायला तयार होता. बाई म्हणाल्या, "बदलून नको, आधी लिहून घ्या." त्यांनी हाताने लिहिलेल्या तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घेतली. पुढे कंपनीने "हा माल आमचा नाहीच" असा पवित्रा घेतला, तेव्हा ती शिक्का मारलेली प्रत, बिल आणि खोक्यावरचा बॅच नंबर, एवढ्यावरच सगळं उभं राहिलं.

तुम्ही मदतीला गेलात की हे करून घ्या:

- वस्तू वापरणं बंद करा. विजेची असेल तर प्लग काढा, गॅसची असेल तर रेग्युलेटर बंद करा.
- दुरुस्त करू नका, उघडू नका, धुऊ नका, जळालेला भाग खरवडू नका.
- फोटो काढा: पूर्ण वस्तू, बिघडलेला भाग जवळून, लेबल, बॅच किंवा सिरियल नंबर, उत्पादनाचा महिना, आयएसआय खूण, खोक्याच्या सगळ्या बाजू. मूळ फोटो फोनमध्ये तसेच राहू द्या. पुढे पाठवताना त्यांचा दर्जा उतरतो आणि कधी काढले हेही सिद्ध करता येत नाही.
- वस्तू खोक्यासकट पिशवीत घालून बंद करा, वर तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या.
- इजा झाली असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर कारण लिहून घ्या. नुसतं "हाताला भाजले" पुरत नाही. "कुकरचे झाकण उडून हाताला भाजले" असं हवं.
- आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा मागून घ्या.

कंपनीचा तंत्रज्ञ आला तर त्याला वस्तू बघू द्या, पण घरातच आणि तुमच्यासमोर. त्याने काय पाहिलं ते जॉब शीटवर, म्हणजे त्याच्या भेटीच्या नोंदीच्या कागदावर, त्याच्याकडून लिहून सही घ्या. वस्तू न्यायचा आग्रह झाला तर लेखी पोहोच घेतल्याशिवाय देऊ नका. माझा सल्ला विचाराल तर देऊच नका.

आणखी एक: त्याच बॅचचा दुसरा नग बाजारात मिळत असेल तर बिल घेऊन विकत घ्या आणि न उघडता ठेवा. प्रयोगशाळेत तपासताना वस्तू बऱ्याचदा तोडावी लागते. अशा वेळी हा दुसरा नग कामी येतो.

२. खूण खरी आहे का ते पाहा

आयएसआय खूण नुसती असून भागत नाही. खऱ्या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, जसं प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७, दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१, इमर्शन रॉडसाठी आयएस ३६८. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर ॲप घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि चालू आहे की संपला, हे दिसतं. मोबाइलच्या चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आयएसआय ऐवजी आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, हासुद्धा.

तीन शक्यता निघतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. क्रमांक खोटा किंवा दुसऱ्याचाच निघाला तर तो खुणेचा गैरवापर. ब्युरो अशा ठिकाणी छापे घालून माल जप्त करतं, म्हणून तक्रारीत दुकानाचा पूर्ण पत्ता द्या. क्रमांक खरा पण वस्तू निकृष्ट असेल तर परवानाधारकाविरुद्ध गुणवत्तेची तक्रार होते. आणि खूणच नसेल तर आधी बघा, त्या वस्तूला ती सक्तीची आहे का. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून सक्ती आहे. कुकर, हेल्मेट आणि घरातल्या बऱ्याच विजेच्या उपकरणांनाही आहे. सगळ्याच वस्तूंना नाही. सक्ती नसलेल्या वस्तूवर खूण नाही म्हणून आरडाओरडा केला तर पुढच्या खऱ्या तक्रारीचंही वजन कमी होतं.

३. तक्रार कोणाकडे जाते ते ठरवा

नवा कार्यकर्ता एकच अर्ज दहा ठिकाणी पाठवतो आणि दहाही ठिकाणांहून "आमच्याशी संबंधित नाही" असं उत्तर येतं. ढोबळमानाने अशी विभागणी लक्षात ठेवा:

- खाद्यपदार्थ, भेसळ, मुदत संपलेला माल: अन्न व औषध प्रशासन. पाकिटावरचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्न व्यवसायाचा परवाना क्रमांक) अर्जात लिहा.
- एमआरपीपेक्षा जास्त पैसे, वजनात घट, पाकिटावर निर्मात्याचं नाव किंवा महिना नाही: वैध मापन शास्त्र विभाग.
- आयएसआय, हॉलमार्क: भारतीय मानक ब्युरो.
- फसवी जाहिरात, अनेक ग्राहकांना धोका, वेबसाइटवर न मागता खरेदीच्या यादीत (कार्टमध्ये) टाकलेल्या वस्तू, रद्द करायचं बटण लपवणं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. अशा लपवाछपवीच्या १३ प्रकारांना प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.
- स्वतःच्या नुकसानीची भरपाई: ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारं न्यायालय.

शेवटच्या दोन ओळींतला फरक नीट समजून घ्या. प्राधिकरण तुमच्या हातात भरपाई ठेवत नाही. ते सगळ्या ग्राहकांसाठी काम करतं: धोकादायक माल बाजारातून परत मागवायला लावू शकतं, घेतलेले पैसे ग्राहकांना परत द्यायला लावू शकतं, फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. आयोग त्या एका तक्रारदाराचं नुकसान बघतो. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येतात आणि ठोठावावीत. २०२२ मध्ये सक्तीच्या मानकात न बसणारे कुकर विकल्याबद्दल प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केला. त्यातल्या एका प्रकरणात विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून माल परत घ्या आणि पैसे द्या, असा आदेश दिला. एकेका ग्राहकाने आपला कुकर गुपचूप बदलून घेतला असता तर एवढ्या घरांपर्यंत हा निरोप कधीच गेला नसता.

४. कंपनीला लेखी कळवा

फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने, पोहोच पावतीसह पाठवा. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही.

पत्र एका पानाचं असू द्या: कधी, कुठून, किती रुपयांना घेतलं, काय झालं, काय इजा किंवा नुकसान झालं, काय हवं. मुदत द्या. पंधरा दिवस देण्याचा प्रघात आहे. राग कितीही असला तरी शिवीगाळ, धमकी, "मी तुम्हाला बघून घेईन" असली वाक्यं नकोत. हेच पत्र उद्या आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

ऑनलाइन घेतलं असेल तर वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं कंपनीवर बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोहोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. "आम्ही फक्त मध्यस्थ आहोत" हे उत्तर आलं तर विक्रेत्याचं नाव-पत्ता लेखी मागा.

दुकानदार "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे बोट दाखवेल. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येतं. बऱ्याच कंपन्या तिथून फोन गेला की हलतात. पण हेल्पलाइन हे न्यायालय नाही, ती आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे तक्रार नोंदवली म्हणून आयोगात जायची मुदत थांबत नाही. डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळाला की लोक निवांत होतात आणि दोन वर्षं निघून जातात. असं होऊ देऊ नका.

तडजोडीच्या कागदावर विशेष लक्ष ठेवा. पैसे देताना कंपनी "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही" असं लिहून घेते, कधी "याविषयी कोठेही बोलणार नाही" असंही. तडजोड करायची की नाही हा ज्याला इजा झाली त्याचा निर्णय. त्याला पैशांची गरज असेल तर तुम्ही अडवू नका. पण सही करण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि अर्थ समजावून सांगा.

५. इतरांना शोधा, मग सगळ्यांसाठी बोला

एका घरातली घटना असेल तर कंपनी म्हणते वापर चुकला. चार घरांत त्याच बॅचने तेच केलं असेल तर तसं म्हणणं अवघड जातं. दुकानदाराला विचारा आणखी कोणी परत आणलं का. रिपेअर करणाऱ्या कारागिराला तर नक्की विचारा, कोणत्या मॉडेलचा कोणता भाग जळून येतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. प्रत्येकाकडून साधा जबाब घ्या: नाव, खरेदीची तारीख, बॅच नंबर, काय झालं, सही. ऐकीव गोष्टी त्यात मिसळू नका.

मग प्राधिकरणाकडे अर्ज करा. दिल्लीला जावं लागत नाही. कायद्याने असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी किंवा ऑनलाइन देता येतो. अनेक ग्राहकांच्या हक्कांचा प्रश्न असेल तर चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवायचा अधिकार त्यांना आहे. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. आवक विभागाचा शिक्का घ्या. दोन-तीन महिने काही हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात, दहा रुपयांची फी भरून, अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा.

आयोगातही अनेकांच्या वतीने एक तक्रार करता येते. समान हित असलेले ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन एकत्र येऊ शकतात आणि नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संस्थासुद्धा तक्रारदार होऊ शकते.

या टप्प्यावर सोशल मीडियाचा मोह होतो. लोकांना सावध करणं योग्यच आहे, पण जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच लिहा. "या मॉडेलच्या, या बॅचच्या रॉडने अमुक तारखेला शॉक बसला, तक्रार केली आहे" हे चालतं. "ही चोर कंपनी माणसं मारते" असं लिहिलंत की बदनामीची नोटीस तुमच्या दारात येते आणि सगळी ताकद तिला उत्तर देण्यात जाते. जखमी माणसाचे फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.

६. जिल्हा आयोगात तक्रार

सर्वसाधारण माणसाची बहुतेक प्रकरणं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात येतात, कारण वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर अधिकार जिल्ह्याचा. त्याच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. इथे बघतात ती मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारदार राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते.

सोबत लागतं ते:

- तक्रार अर्ज, घटना तारखांच्या क्रमाने
- शपथपत्र
- बिल, ते हरवलं असेल तर वॉरंटी कार्ड, बँकेची नोंद, ऑर्डरचा ईमेल
- कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, पोहोच पावत्यांसह
- फोटो, जॉब शीट, केसपेपर, औषधांची बिलं
- फोटो, व्हॉट्सॲप, ईमेल यांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र
- तक्रारदाराच्या वतीने तुम्ही उभे राहणार असाल तर अधिकारपत्र. हे काम मोबदला न घेता करायचं असतं आणि आयोगाची परवानगी लागते
- ओळखपत्र

मुदत दोन वर्षांची, नुकसान झालं त्या दिवसापासून. उशीर झाला तर कारणांसह माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि तो मान्य होईलच असं नाही.

दुकानासाठी, कारखान्यासाठी किंवा पुन्हा विकायला घेतलेली वस्तू असेल तर कायद्याच्या लेखी तो माणूस ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं यंत्र असेल, समजा शिलाई मशिन, तर तो ग्राहक ठरतो. अर्जात हे पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहा, नाहीतर सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, पहिला आक्षेप तोच येतो.

दोष नुसत्या नजरेने दिसत नसेल तर आयोगाकडे वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अर्ज करा. आयोग नमुना सीलबंद करून पाठवतो, अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते, तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. उत्साहाच्या भरात वस्तू आधीच खासगी प्रयोगशाळेत फोडून घेतली असेल तर आयोगाकडे पाठवायला काही उरत नाही. पहिल्या पायरीवर वस्तू उघडू नका म्हटलं ते यासाठीही.

२०१९ च्या कायद्याने उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आणलं. वस्तूतल्या दोषामुळे इजा झाली तर उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. फक्त किमतीची नाही, इजेची, मानसिक त्रासाचीही. त्यांचा ठरलेला बचाव म्हणजे "ग्राहकाने चुकीचं वापरलं, वस्तूत फेरफार केला". म्हणून माहितीपुस्तिका जपून ठेवा. धोक्याची सूचना त्यात नसेल, किंवा ग्राहकाला वाचता येणार नाही अशी असेल, तर ते आवर्जून दाखवून द्या.

सामनेवाल्यांना उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे तक्रारदाराला पहिल्याच दिवशी सांगा. प्रत्येक तारखेला कोणीतरी हजर राहिलं पाहिजे. गैरहजेरीमुळे फेटाळली गेलेली चांगली प्रकरणं मी पाहिली आहेत आणि त्याचं फार वाईट वाटतं.

७. आदेश हातात आल्यावर

आदेशाविरुद्ध राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात. पैसे देण्याचा आदेश असेल तर अपिलात जाताना कंपनीला निम्मी रक्कम भरावी लागते. कंपनी अपिलातही गेली नाही आणि पैसेही देत नाही, असं झालं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज दाखल झाल्यावर धनादेश लवकर येतो.

प्रमाणित प्रत मिळाली की तिची एक प्रत मानक ब्युरोला आणि एक प्राधिकरणाला पाठवा, सोबत बॅच नंबर आणि तुमच्या आधीच्या अर्जाची तारीख. माल मागे घ्यायचा आदेश झाला असेल तर महिनाभराने त्याच भागातल्या दुकानांत जा, फळीवरच्या खोक्यांवरचे बॅच नंबर बघा. जुना माल अजून विकला जात असेल तर एक नग बिल घेऊन विकत घ्या आणि तो जोडून नवा अर्ज करा.